थाई सूपात कॉर्नफ्लोअर कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही थाई कोकोनट चिकन सूपची रेसिपी छापलीत, त्याबद्दल हे पत्र. आधीच सांगते, रेसिपी आली याचा आनंदच झाला, पनीर आणि पास्ता सोडून काहीतरी वेगळं वाचायला मिळालं. पण साहित्याची यादी वाचता वाचता माझा मूड गेला. बटरवर आलं-लसूण पेस्ट परता, त्यात चिकन परता, मग कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून घाला, वरून फ्रेश क्रीम. आणि खाली चौकटीत 'साहित्य मिळत नसेल तर' म्हणून गलांगलऐवजी (आल्यासारखं दिसणारं थाई मूळ) आलं, लेमनग्रासऐवजी लिंबाची साल, काफिर लाइमच्या पानांऐवजी तमालपत्र, फिश सॉसऐवजी सोया सॉस. आता एखादीने ही चौकट बघून चारही गोष्टी बदलल्या तर उरतं काय, तर आपल्या हॉटेलात मिळतं ते नेहमीचं पांढरं दाट सूप, नारळाचं दूध घातलेलं. त्याला थाई कशाच्या जोरावर म्हणायचं?

पर्याय देऊ नका असं माझं अजिबात म्हणणं नाही, रत्नागिरीत राहून पर्यायाशिवाय थाई स्वयंपाक कुणालाच जमणार नाही. पण 'हे नसेल तर ते' एवढंच लिहून मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही. ते घातल्यावर चव कुठे जाते, वास जातो का, रंग बदलतो का, हे एका ओळीत तरी लिहा ना, मग ज्याला जे झेपेल ते तो ठरवेल. उकडीच्या मोदकाला तांदळाची पिठी नसेल तर मैदा घ्या असं कुणी छापलं असतं तर तुमच्या टेबलावर पत्रांचा ढीग पडला असता.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं बँकॉकला होतो. तिथे ख्लोंग तोईसारख्या मोठ्या मार्केटमध्ये, आणि गल्लीतल्या छोट्या बाजारात सुद्धा, भाजीवालीकडे एक तयार जुडी मिळते, त्यात गलांगलचा तुकडा, लेमनग्रासच्या दोन-तीन काड्या आणि मकरूत लिंबाची पानं (आपल्याकडे मेनूकार्डवर काफिर लाइम लिहितात तीच). ही जुडी घेतली की त्यात तोम याम (त्यांचं आंबट-तिखट सूप) पण होतं आणि तोम खा पण, तोम खा म्हणजे तुमचं हे नारळाचं सूप. शेजारच्या गाळ्यावर मशीनवर ओलं खोबरं खवून, पिळून, दूध प्लास्टिकच्या पिशवीत भरून वर रबरबँड मारून देतात, दाट वेगळं पातळ वेगळं मागायचं. म्हणजे ऑफिसमधून येता येता बाजार करून घरी जाऊन अर्ध्या तासात करायचा हा पदार्थ आहे तिकडे, आणि तुमच्याकडे तो 'एक्झॉटिक किचन' अशा मथळ्याखाली आला, बघून हसूच आलं.

पहिली गोष्ट म्हणजे साध्या घरगुती तोम खामध्ये तेल नसतं, बटर नसतं, फोडणी नसते. काही परतायचंच नाही. आपल्या हाताला ते फार विचित्र वाटतं, कढई तापवून काही तडतडलं नाही तर स्वयंपाक सुरू झाला असं वाटतच नाही आपल्याला, पण इथे सगळा वास पाण्यात आणि नारळाच्या दुधात उकळून उतरवायचा असतो. जुन्या काळी तर हे सूप म्हणून खात नसत म्हणे, १८९० सालच्या एका थाई पाककृतींच्या पुस्तकात बदक किंवा कोंबडी भरपूर गलांगल घालून पातळ नारळाच्या दुधात शिजवायची आणि तुकडे बाहेर काढून मिरचीच्या चटणीत बुडवून खायचे असा प्रकार दिलेला आहे. बघा, त्यातही गलांगल भरपूर. कोंबडीच्या जागी बदक चाललं, पुढे शाकाहारी लोकांनी मश्रूम घातले तेही चाललं, पण गलांगल काही कुणी काढलं नाही.

म्हणून माझं मुख्य भांडण आल्यावरून आहे. गलांगल दिसायला आल्याच्या घरातलं, पण साल गुळगुळीत फिकट, कधी गुलाबीसर, वर गोल रेघा, आणि कापायला इतकं टणक की हलकी सुरी वाकते. वास घेतला तर थोडा देवदारासारखा थोडा लिंबासारखा, आल्याचा तो उष्ण झणका त्यात नाही. आलं घातलं की सूप तिखट आणि गरम लागतं, सर्दीला बरं वाटेल असं. वाईट नाही लागत, मी खाल्लंय, पण ते नारळाच्या दुधातलं आल्याचं सूप झालं, त्याच नावाने वाढा. कुणी सांगतं आलं थोडं आणि लिंबाची साल किसून घाला म्हणजे जवळ जातं, जातं थोडंफार, पण लांबूनच.

आणि गंमत म्हणजे गलांगल आपल्याला अगदीच परकं नाहीये. काष्ठौषधींच्या दुकानात कुलिंजन मिळतं ना, गाणारी माणसं आवाजासाठी तोंडात धरतात ते, ते ह्याच झाडाचं वाळवलेलं मूळ. फक्त ते वाळून लाकूड झालेलं असतं आणि ताज्यातला तो लिंबासारखा वास पार उडालेला असतो, त्यामुळे सूपात घातलं तर काढ्याची चव यायला लागते. तेव्हा कुलिंजन आहे म्हणून खुश होऊन मूठभर घालू नका, अगदीच घालायचं तर एक-दोन तुकडे गरम पाण्यात भिजवून. त्यापेक्षा ताजं आणावं. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला मिळतं, मोठ्या शहरांतल्या परदेशी भाज्यांच्या दुकानांत मिळतं, बऱ्याचदा ट्रेवर 'थाई जिंजर' असं लिहिलेलं असतं. एकदम आणायचं, धुवून चकत्या करून फ्रीझरला टाकायच्या, लागतील तशा गोठलेल्याच थेट पातेल्यात. आणि ज्यांच्याकडे अंगण आहे त्यांनी एक डोळा असलेला तुकडा पावसाच्या तोंडावर मातीत लावून बघा, कोकणातल्या हवेत हळदीसारखंच मजेत येतं, फक्त झाड चांगलं माणसाच्या उंचीचं होतं म्हणून जागा बघून लावा.

लेमनग्रासचं, म्हणजे आपल्या गवती चहाचं, तर मला खरंच कळलं नाही. कोकणात दारोदारी गवती चहाचं बेट असताना, पुण्या-मुंबईत भाजीवाल्याकडे जुडी मिळत असताना लिंबाची साल कशाला? कदाचित लिहिणाऱ्यांना तो वेगळा वाटला असेल. फरक एवढाच की चहात आपण वरची हिरवी पात घालतो आणि थाई लोक बुडखा वापरतात, मुळाजवळचा पांढरट जाडसर भाग. बेट सारखं चहासाठी छाटत राहिलं तर बुडखे बारीक राहतात, म्हणून एक बाजू न कापता वाढू द्यायची आणि मग तिथून मुळासकट उपटायचं. बाहेरची एक-दोन पानं सोलून टाकायची, बोटभर तुकडे करायचे आणि बत्त्याने नाहीतर सुरीच्या मागच्या बाजूने ठेचायचे. बुडखा बारीकच असेल तर पातीची गाठ मारून तीही सोबत टाका, नंतर अख्खी गाठ उचलून काढता येते, वास थोडा जास्त गवताळ येतो पण चालतं. बघा, पर्याय असा सांगायचा असतो.

मकरूतची पानं मात्र खरंच अडचणीची. देठाकडे दुसरं पान जोडल्यासारखं दिसतं असं जोडपान असतं ते. तमालपत्राचा आणि त्याचा काही एक संबंध नाही, तमालपत्र घातलं की बिर्याणीचा वास येतो आणि सगळ्यांवर मात करतो. नसतील मिळत तर आपल्या कागदी लिंबाची कोवळी पानं घ्या, शीर काढून, हाताने फाडून, वास फिका येतो पण त्याच दिशेचा येतो. तेही नसेल तर काही घालू नका. न घातल्याने सूप थोडं उणं होतं, तमालपत्राने ते भलतीकडेच जातं. नर्सरीत मकरूतची रोपं मिळतात, कुंडीत येतात, आणि पानं फ्रीझरमध्ये कित्येक महिने टिकतात.

फिश सॉसवर घरोघरी नाक मुरडलं जातं, मला माहितीये. छोटे मासे आणि मीठ टाक्यांमध्ये महिनोन्‌महिने मुरवून गाळलेलं पाणी आहे ते, बाटलीचं तोंड उघडल्यावर वास येणारच. पण सुकट आणि बांगडा भाजताना शेजाऱ्यांची पर्वा न करणाऱ्या आपण लोकांनी त्यावर बोलू नये! सूपात पडल्यावर तो वास मागे जातो आणि नुसती खारट, भरलेली चव राहते. सोया सॉस घातला तर पहिलं म्हणजे पांढरं सूप मळकट होतं आणि दुसरं म्हणजे चव चायनीजकडे जाते. फिश सॉस नसेल तर सरळ मीठ घाला. माझा स्वतःचा एक जुगाड आहे, थाई बायकांना सांगितला तर मारतील, मी चिकन उकळताना थोडे सोडे फडक्यात बांधून पाण्यात सोडते आणि नंतर पुरचुंडी काढून टाकते. हुबेहूब नाही लागत, पण नुसत्या मिठापेक्षा पुष्कळ बरं.

आता नारळाचं दूध. इथे तुमच्या रेसिपीने खरा घात केलाय, कारण 'नारळाचं दूध व लिंबाचा रस घालून पाच मिनिटे मोठ्या आचेवर उकळा' असं छापलंय आणि ज्यांनी ज्यांनी ताज्या नारळाचं दूध काढून हे केलं असेल त्यांच्या पातेल्यात फुटलेलं पाणी आणि वर तरंगणारा चोथा झाला असणार. मला वाटतं म्हणूनच त्यात कॉर्नफ्लोअर आलं असेल, फुटलेलं झाकायला. डब्यातलं किंवा पाकिटातलं दूध सहसा इतक्या पटकन फुटत नाही कारण त्यात ते एकजीव राहावं म्हणून स्टॅबिलायझर घातलेले असतात. घरच्या दुधात काही नसतं, नुसतं पाणी, स्निग्धांश आणि थोडं प्रोटीन, आणि जोराची उष्णता आणि आंबट एकदम मिळालं की ते प्रोटीन गोळा होतं. माझ्या सासूबाई मालवणकडच्या, त्यांना यातलं सायन्स कुणी शिकवलं नव्हतं पण कालवणात नारळाचा रस पडला की खळखळून उकळी येऊ द्यायची नाही, डाव हलवत राहायचं आणि झाकण ठेवायचं नाही हा नियम त्यांच्याकडे पक्का होता, आणि तोम खाला तो जसाच्या तसा लागू पडतो. आपल्या कोकणी वाचकांना तुम्ही एवढं एक वाक्य लिहिलं असतं ना तर त्यांना बाकी काही शिकवायची गरज नव्हती.

एक गोंधळ इथे बऱ्याच रेसिप्यांमध्ये असतो तो पण सांगून टाकते. थाई ग्रीन करी करताना दाट दूध मुद्दाम आटवून फोडतात, तेल सुटेपर्यंत, आणि त्या तेलात करीची पेस्ट परततात. ते त्या करीसाठी बरोबर आहे. ते वाचून लोक सूपातही तसं करायला जातात. तोम खामध्ये तेलाचा तवंग नको, दूध शेवटपर्यंत एकसंध पांढरं राहायला हवं.

मी करते ते असं, चार माणसांना. एक मोठा नारळ विळीवर खवायचा, शक्यतो काळी पाठ न येऊ देता म्हणजे दूध शुभ्र येतं, कोमट पाणी घालून पहिलं दाट दूध साधारण एक वाटी काढून बाजूला ठेवायचं, त्याच चोथ्यात परत पाणी घालून दुसरं पातळ दोन-अडीच वाट्या. (नारळ फोडायचा कंटाळा असेल तर ४०० मिलीचा एक डबा आणि दोन वाट्या पाणी, लाज बाळगायचं काही कारण नाही, बँकॉकमध्येही डबा वापरणारे खूप आहेत. पावडर मात्र नको, बऱ्याच पावडरींमध्ये दुधाचं प्रोटीन आणि माल्टोडेक्स्ट्रिन असतं आणि चव पिठूळ येते.) पातळ दूध पातेल्यात घेऊन त्यात गलांगलच्या दहा-बारा पातळ चकत्या, ठेचलेला गवती चहा आणि फाडलेली पानं घालून मंद आचेवर दहा मिनिटं, घरभर वास सुटेपर्यंत. मग अर्धा किलो बोनलेस चिकन, मांडीचं, पातळ काप करून. ब्रेस्ट घेतलंत तर दोन मिनिटं इकडे तिकडे झाली की चोथा होतो, मांडीचं माफ करतं. गावठी कोंबडी असेल तर ती आधी हाडांसकट पाण्यात वेगळी शिजवून घ्या आणि ते पाणी वापरा, नाहीतर जेवायला रात्र होईल. चिकन शिजत आलं की दोन मुठी मश्रूम, धिंगरी (ऑयस्टर) मिळाले तर फारच छान, हाताने फाडून, नाहीतर बटण मश्रूम चिरून. मग दाट दूध, चिमूटभर साखर, आणि नुसती वाफ धरून कडेने बुडबुडे यायला लागले की गॅस बंद. साखरेऐवजी थायलंडमध्ये ताडामाडाचा गूळ घालतात पण तो फिका असतो, आपला गोव्याचा माडाचा गूळ काळा आणि धुरकट वासाचा, तो पातोळ्यांना ठेवा.

लिंबू पातेल्यात पिळायचंच नाही. ही युक्ती मी तिकडेच बघितली, वाढायच्या मोठ्या बोलमध्ये तळाला दोन लिंबांचा रस, दोन-तीन चमचे फिश सॉस आणि चार-पाच ठेचलेल्या लवंगी मिरच्या घालून ठेवतात आणि वरून गरम सूप ओततात. दूध फुटायचा प्रश्नच येत नाही आणि लिंबाचा ताजेपणा पण उकळून जात नाही. मग चव बघायची, आंबट आणि खारट पुढे, गोड मागे, तिखट आपापल्या ताकदीप्रमाणे. वर कोथिंबीर. आणि पाहुण्यांना आधी सांगून ठेवा की गलांगल, गवती चहा आणि पानं खायची नसतात, बाजूला काढायची असतात, नाहीतर बिचारे गुपचूप चावत बसतात.

घट्टपणाचं म्हणाल तर हे सूप पातळच असतं. आपल्याकडे सूप म्हटलं की मंचाव आणि स्वीट कॉर्न, चमचा उभा राहील असं, आणि जेवणाआधी. तिकडे ते टेबलाच्या मध्ये ठेवतात, बाकीच्या भाजी-माशाबरोबर, आणि भातावर चमचा चमचा घेऊन खातात. जस्मिन राइस नसेल तर आंबेमोहोर घ्या, त्याला स्वतःचा वास आहे जो जस्मिनचा नाही पण नारळाशी त्याचं छान जमतं. इंद्रायणी जरा जास्त चिकट होतो. बासमती मला तरी नाही आवडला, फार सुटा राहतो आणि सूप खाली निघून जातं.

शाकाहारी वाचकांसाठी तुमच्या चौकटीत 'चिकनऐवजी पनीर' असं होतं. पनीर! थायलंडमध्ये दरवर्षी नऊ दिवस 'जे' म्हणून शाकाहाराचा सण असतो, मूळचा तिथल्या चिनी लोकांचा, दुकानांवर पिवळे झेंडे लागतात, लोक मांस-मासेच काय पण कांदा-लसूण सुद्धा सोडतात, आणि बऱ्याच वर्षी तो आपल्या नवरात्राच्याच सुमाराला येतो. त्या दिवसांत गाड्यांवर मश्रूम आणि टोफूचं तोम खा मिळतं, फिश सॉसऐवजी मीठ किंवा फिका सोया सॉस घालून. म्हणजे सोया सॉस तिकडेही घालतात, हे मान्य, पण शाकाहारासाठी, आणि बेताने. तेव्हा शाकाहारी तोम खा आपल्याला नव्याने शोधून काढायची गरज नाही, आयतं आहे.

तुम्ही ही रेसिपी दुरुस्त करून परत छापावी अशी विनंती आहे, निदान मोठ्या आचेची ओळ तरी, कारण नारळ आता स्वस्त राहिलेला नाही आणि फुटलेलं पातेलं बघून बायका म्हणतील थाई पदार्थ आपल्याला जमत नाहीत, आणि दोष मात्र त्यांचा नसेल. श्रावण संपल्यावर छापलंत तर जास्त लोक करून बघतील. आणि चौकट ठेवणार असाल तर तिला तिसरा रकाना जोडा, त्याने काय बदलतं याचा.

आपली नियमित वाचक,
रत्नागिरी

ता.क. रेसिपीसोबतचा फोटो लाल रंगाच्या सूपाचा होता आणि त्यात चांगल्या चार-पाच कोळंब्या दिसत होत्या. ते तोम याम कुंग, २०२४ च्या डिसेंबरात युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं ते. त्याच्या एका प्रकारात इव्हॅपोरेटेड मिल्क (डब्यातलं आटवलेलं दूध) खरोखर घालतात, कदाचित फ्रेश क्रीम तिथून आलं असावं. चिकन तर फोटोत कुठेच नव्हतं.